साउंडच्या कोटेशनमध्ये ओहम शोधा

सोसायटीचं सभागृह असो, देवस्थान असो की जिल्हा परिषदेची शाळा, साउंड सिस्टिमची तीन कोटेशनं समोर आली की समितीची बैठक वॅटवर अडते. एकाने २५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर दिलाय, दुसरा तेवढ्याच पैशांत ५०० देतोय, मग दुसऱ्यालाच काम देऊ, असं ठरतं आणि चहा येतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागे स्क्रूंची एक पट्टी असते. तिच्यावर ४, ८, १६ ओहम, ७० व्होल्ट, १०० व्होल्ट असं छापलेलं असतं. त्यातल्या कोणत्या स्क्रूवर कोणते स्पीकर किती जाणार, हे तिन्ही कोटेशनांत सहसा लिहिलेलं नसतं. पुढे दुरुस्तीवर जो खर्च होतो, त्यातला बराचसा या न लिहिलेल्या ओळीमुळे होतो.

खाली दिलेल्या किमती ढोबळ आहेत आणि १८ टक्के जीएसटी धरून आहेत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली आणि तालुक्याच्या बाजारपेठेतलं दुकान यांच्या भावात फरक पडणारच. ब्रँड बदलला तरी पडतो. आकड्यांपेक्षा कुठे पैसे घालायचे आणि कुठे नाही, याकडे लक्ष द्या.

‘मॅच करून देतो’ म्हणजे काय?

दुकानात ‘इम्पीडन्स मॅच करून देतो’ हे वाक्य सर्रास कानावर पडतं. इम्पीडन्स म्हणजे बदलत्या करंटला होणारा रोध, तोही ओहममध्येच मोजतात. ते ऐकून अनेकांना वाटतं की अ‍ॅम्प्लिफायरचे आठ ओहम आणि स्पीकरचे आठ ओहम अशी जोडी जमवायची असते. डिप्लोमाला शिकलेल्यांना एकोणिसाव्या शतकातला याकोबीचा नियमही आठवतो: स्रोताचा आतला रोध आणि बाहेरचा भार सारखे असले की भाराला जास्तीत जास्त शक्ती मिळते. नियम खराच आहे. पण तेव्हा तेवढीच शक्ती स्रोताच्या पोटात उष्णता होऊन जाते, हा त्याचा दुसरा भाग बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

आजचा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर या तत्त्वावर चालतच नाही. त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स ओहमच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही कमी असतो. तो व्होल्टेज धरून ठेवतो आणि करंट किती ओढायचा ते स्पीकर ठरवतो. म्हणून पाठीमागे ‘४ ओहम’ छापलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ ‘भार चार ओहमच्या खाली नेऊ नका’ असा वाचायचा. आठ लावला तर आवाज थोडा कमी, धोका काही नाही. दोन लावला तर आवाज वाढतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर तापायला लागतात. एकाच एक्स्टेंशन बोर्डवर मिक्सर, इस्त्री, गीझर लावत गेल्यासारखं हे आहे: प्रत्येक वस्तू आपापल्या जागी ठीक असते, जळतो तो बोर्ड.

समांतर जोडणीचा हिशेब तोंडी होतो. आठ ओहमचे दोन स्पीकर एकत्र जोडले की चार, चार जोडले की दोन. एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये दोन जोडले की सोळा. चार स्पीकर दोन-दोनच्या सिरीजमध्ये आणि त्या दोन जोड्या समांतर अशा लावल्या तर पुन्हा आठच येतात. ही शेवटची जोडणी फुकट आहे, आणि गरज असते तिथे फार कमी कारागीर ती करतात.

ट्रान्सफॉर्मरवाल्या पीए अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आणखी एक गंमत होते. १०० वॅटच्या यंत्राच्या ४ ओहमच्या स्क्रूवर पूर्ण शक्तीला २० व्होल्ट असतात, ८ वर सुमारे २८, १६ वर ४०, आणि शेवटच्यावर १००. गणपतीच्या आरतीला आवाज कमी पडतोय म्हणून कोणीतरी ८ ओहमच्या स्पीकरची वायर काढून १६ वर किंवा थेट ७० व्होल्टवर लावतो. आवाज लगेच वाढतो, सगळे खूश. आठ ओहमला ७० व्होल्ट दिले तर तो स्पीकर ६०० वॅटच्या वर मागतो, आणि यंत्र आहे १०० वॅटचं. आरती संपेपर्यंत टिकलं तर नशीब. उलट चूक मात्र निरुपद्रवी आहे: आठचा स्पीकर चारच्या स्क्रूवर लावला तर शक्ती अर्धी मिळते, बिघडत काही नाही. शंका असेल तेव्हा वायर लहान आकड्यावर लावून सुरुवात करा.

डॅम्पिंग फॅक्टरवर किती पैसे घालावेत?

महागड्या यंत्राच्या पत्रकात ‘डॅम्पिंग फॅक्टर ५००’ असं ठळक छापलेलं असतं. स्पीकरच्या ओहमला अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुट इम्पीडन्सने भागलं की हा आकडा येतो. आठ ओहमला १०० म्हणजे आतले ०.०८ ओहम. ५०० म्हणजे ०.०१६. शंकू हलल्यावर त्याला चटकन आवरण्यासाठी हा आकडा चांगला हवा, हे खरं. पण त्या वाटेवर स्पीकरच्या कॉइलचा स्वतःचा पाच-सहा ओहमचा रोध बसलेला असतोच. शिवाय दहा मीटर वायर टाकली की तिचाही रोध मिळतो आणि ५०० चा आकडा कागदावरच राहतो. पन्नासच्या पुढे यासाठी जास्तीचा एक रुपयाही देऊ नये, असं माझं मत आहे.

वॅटच्या आकड्यालाही ओहमची शेपटी शोधा. ‘२००० वॅट’ असं मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक ‘२ ओहमला’ असं असेल, तर तुमच्या आठ ओहमच्या स्पीकरला आदर्श हिशेबाने त्याचा चौथा हिस्सा मिळतो, प्रत्यक्षात कदाचित थोडा जास्त. आणि पीएमपीओ लिहिलेलं असेल तर तो आकडा वाचूच नका. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी शक्ती, विचारा. ६० वॅटचे १२० केले तर कानाला मिळतात तीन डेसिबल, म्हणजे समजेल इतपत वाढ. ‘दुप्पट आवाज’ कोणालाच ऐकू येत नाही.

सभागृह: ६० बाय ३० फूट

दोनशे माणसं बसतील असं सोसायटीचं सभागृह धरू. काम मुख्यतः बोलण्याचं: वार्षिक सभा, हळदीकुंकू, एखादं व्याख्यान. अशा ठिकाणी भिंतीवर चार कॉलम स्पीकर आणि एक अ‍ॅम्प्लिफायर पुरतो. प्रश्न आहे तो वायरिंगचा, कारण स्टेजपासून शेवटच्या स्पीकरपर्यंत भिंतीच्या कडेने वायर नेली की चाळीस मीटर सहज लागते.

तांब्याच्या १.५ चौरस मिलिमीटर वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०११५ ओहम. चाळीस मीटर जाऊन-येऊन ऐंशी मीटर, म्हणजे ०.९२ ओहम. १०० वॅट ४ ओहमवर पाठवले तर पलीकडे पोहोचतात ६६. वायर ०.७५ ची असेल तर ४७, म्हणजे निम्म्याहून अधिक शक्ती पोहोचलीच नाही. आता तेच १०० वॅट १०० व्होल्टच्या लाइनने पाठवा. तिथे भार १०० ओहमचा होतो, करंट एक अँपिअर. १.५ च्या वायरमधून ९८ वॅट पोहोचतात, ०.७५ मधूनही ९६. विजेची कंपनी गावापर्यंत चढ्या व्होल्टेजने वीज आणते, त्यामागचं कारणही हेच.

१०० व्होल्ट लाइनमध्ये प्रत्येक स्पीकरच्या आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याला टॅपिंग असतात: ५ वॅट, १० वॅट, २० वॅट. हिशेब ओहममध्ये करायची गरज नसते, वॅटची बेरीज करायची. चार स्पीकर १० वॅटवर म्हणजे ४०. प्रवेशद्वाराशी पाच वॅटचा एक छोटा लावला तर ४५. ६० वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरवर हे आरामात बसतं. ही बेरीज अ‍ॅम्प्लिफायरच्या ऐंशी टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे उद्या एखादा स्पीकर वाढवता येईल. मागच्या रांगेत आवाज जास्त हवा असेल तर फक्त तिथलं टॅपिंग वाढवा, बाकीच्यांना हात लावावा लागत नाही.

खर्च असा बसतो: ६० ते ८० वॅटचा मिक्सरसह अ‍ॅम्प्लिफायर ९ ते १४ हजार, चार कॉलम १० ते १६ हजार, साठ मीटर तांब्याची टू-कोअर वायर दोन-तीन हजार, दोन माइक तीन ते पाच हजार, बसवणुकीची मजुरी तीन ते पाच हजार. एकूण २७ ते ४३ हजारांत काम व्हायला हवं. याच सभागृहाला कोणी ५०० वॅट आणि लाखाचं कोटेशन देत असेल, तर तो तुम्हाला डीजे विकतोय. मात्र नाच-गाण्याचे कार्यक्रम खरंच होत असतील तर १०० व्होल्ट लाइनचा आग्रह सोडा. त्या छोट्या ट्रान्सफॉर्मरांना खालचे सूर पेलत नाहीत, ढोलकी पातळ वाजते. तिथे जवळ ठेवलेले, जाड वायरचे, आठ ओहमचे मोठे स्पीकर हवेत आणि खर्च वेगळा.

वायरच्या बाबतीत एक फसवणूक नेहमीची. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशी वायर निम्म्या भावाने मिळते आणि बिलावर नुसतं ‘स्पीकर केबल’ लिहिलेलं असतं. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट. टोकाची एक तार ब्लेडने खरवडा. पांढरी चमक दिसली तर परत द्या. १०० व्होल्टवर आवाजात फार फरक पडणार नाही, पण स्क्रूखाली अ‍ॅल्युमिनियम सैल होतं आणि खरखर सुरू होते, ती शोधायला पुन्हा वायरमनचे पैसे.

आणि १०० व्होल्ट हे खरेच १०० व्होल्ट आहेत. अ‍ॅम्प्लिफायर चालू असताना त्या स्क्रूंना हात लावला तर झटका बसतो. लहान मुलं फिरतात तिथे उघडे जोड नकोत.

देवळावरचे भोंगे

भोंग्याच्या मागे जे गोल युनिट असतं ते बहुधा १६ ओहमचं असतं. चार युनिटं समांतर जोडली की बरोबर चार ओहम, म्हणून गावोगाव चार भोंगे आणि ४ ओहमचा स्क्रू अशी जोडी दिसते. ती चुकीची नाही. गडबड होते पाचव्या भोंग्याने. वेशीवर एक लावू म्हणतात आणि भार ३.२ ओहमवर येतो. शिवाय वेस शंभर मीटर लांब. एक चौरस मिलिमीटरची वायर तिथवर नेली की जाऊन-येऊन जवळपास साडेतीन ओहम, आणि त्या भोंग्याला त्याच्या वाट्यातला एक तृतीयांश भाग मिळतच नाही. मग सगळ्यांचाच आवाज वाढवला जातो आणि देवळाशेजारच्या घरांना त्रास.

उपाय स्वस्त आहे. प्रत्येक युनिटला लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लावायचा, कारागीर त्याला नुसतं ‘एलएमटी’ म्हणतात. एकाची किंमत चारशे ते हजार रुपये. आत ट्रान्सफॉर्मर असलेली युनिटंही मिळतात, साध्या युनिटपेक्षा काहीशे रुपये महाग. ३० वॅटच्या टॅपिंगवर तोच वेशीवरचा भोंगा ३३३ ओहमचा होतो आणि शंभर मीटरमध्ये दोनच टक्के गमावतो. पाच भोंग्यांचं काम पाच हजारांत होतं. नवा ‘मोठा’ अ‍ॅम्प्लिफायर घेतला तर पंधरा-वीस हजार जातात आणि वायरमधली गळती तशीच राहते.

पण एका लाइनवर सरमिसळ करू नका. चार भोंगे एलएमटीवर आणि एक थेट १६ ओहमचा, असं झालं की तो एकटा १०० व्होल्टला ६२५ वॅट मागतो आणि बाकीच्यांना घेऊन बुडतो. ‘कालपर्यंत चालू होतं’ अशा तक्रारीत कारागिराने सगळ्यात आधी हे बघावं.

भोंगा स्वतः एक मॅचिंग ट्रान्सफॉर्मरच आहे, फक्त विजेऐवजी हवेचा. युनिटचा पडदा छोटा आणि ताठ, हवा विरळ; दोघांचं एकमेकांशी जमत नाही. भोंग्याचं हळूहळू रुंदावणारं तोंड ती जुळवणी करून देतं. साधा शंकूचा स्पीकर एक वॅटला एक मीटरवर ९० डेसिबलच्या आसपास देतो, भोंगा १०५ च्या पुढे. पंधरा डेसिबल म्हणजे तीसपट वॅट. त्यामुळेच दुरुस्तीच्या टेबलावर युनिट भोंग्याशिवाय जोरात वाजवलं की पडदा भाररहित हलतो आणि फाटतो. नवा पडदा अडीचशे ते सहाशे रुपयांना मिळतो, तो बसवण्याची मजुरी वेगळी. बासची खुंटी खाली ठेवली तर पडदे जास्त टिकतात. खालचे सूर भोंग्यातून तसेही निघत नाहीत.

एवढा जोर असलेलं यंत्र गावात लावताना ध्वनिप्रदूषण नियम, २००० लक्षात ठेवा. रात्री १० ते सकाळी ६ बंद, सार्वजनिक ठिकाणच्या हद्दीवर भोवतालच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातली जी कमी असेल ती मर्यादा. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५, म्हणजे हद्दीवर ६५. एवढ्या आवाजाला प्रत्येक भोंग्यामागे १० वॅटही पुष्कळ होतात, ४० वॅटची गरजच नसते.

तीनशे रुपयांचं यंत्र

मल्टिमीटर तीनशे ते हजार रुपयांत मिळतो आणि समितीने स्वतःचा ठेवावा. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून, वायर पट्टीवरून सोडवून टोकांना लावा. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर साडेपाच ते सात दाखवतो, चारचा तीन-साडेतीन. हा डीसी रोध आहे, इम्पीडन्स त्याहून जास्त असतो. त्यामुळे ‘आठ लिहिलंय, सहा येतंय, खराब आहे’ असं म्हणून कोणी नवा स्पीकर गळ्यात मारत असेल तर नम्रपणे नको म्हणा. मीटर एकच्या खाली दाखवत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे, काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे.

१०० व्होल्ट लाइनवर मात्र हा मीटर फसवतो. तो ट्रान्सफॉर्मरच्या तारेचा रोध मोजतो, तो फार कमी येतो आणि माणूस घाबरतो. इम्पीडन्स मीटरला काही हजार रुपये पडतात. त्याऐवजी वीस रुपयांचा १०० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लाइनच्या एका तारेत सिरीजमध्ये घाला, मोबाइलवरून ४०० हर्ट्झचा एकसुरी टोन वाजवा, आवाज इतकाच ठेवा की लाइनवर दहा-बारा व्होल्ट येतील. आता एसी व्होल्टवर आधी रेझिस्टरच्या दोन टोकांत आणि मग लाइनच्या दोन टोकांत मोजा. लाइनचे व्होल्ट भागिले रेझिस्टरचे व्होल्ट गुणिले १०० म्हणजे लाइनचा ढोबळ इम्पीडन्स. वरच्या सभागृहात तो २२० च्या आसपास यायला हवा. १०,००० ला अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटने भागून जो आकडा येतो (६० वॅटला १६७) त्याच्या खाली आला तर भार जास्त आहे. मीटर स्वस्त असला तरी चालतो, कारण दोन्ही मापं त्याच सुरावर घेतलेली असतात आणि आपल्याला गुणोत्तरच हवं असतं.

घरचा स्टिरिओ

इथे थोडक्यात. ‘किमान ६ ओहम’ लिहिलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला ४ ओहमचे स्पीकर घेऊ नका, सेलमध्ये कितीही स्वस्त असले तरी. आठ ओहमचा स्पीकरही सगळ्या सुरांना आठ नसतो; आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो ऐंशी टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६.४ पर्यंत खाली जाऊ शकतो. पाच मीटरची १.५ ची तांब्याची वायर आठ ओहमला तीन टक्केही खात नाही, तेव्हा मीटरला हजार रुपयांच्या केबलवर पैसे घालण्यापेक्षा त्याच पैशांत स्पीकर एक पायरी वरचा घ्या. हेडफोन घेताना, जिथे टोचायचा त्या यंत्राचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाच्या आत असावा: ३२ ओहमला चार. काही जुन्या रिसीव्हरचं हेडफोनचं भोक शंभराच्या वर असतं, तिथे नाजूक इअरफोनचा आवाज बदलतो.

गाडीतल्या अ‍ॅम्प्लिफायरला ‘ब्रिज’ करून देतो असं कोणी म्हणालं तर लक्षात घ्या, चार ओहमचा वूफर ब्रिजवर लावला की प्रत्येक चॅनेलला तो दोनचाच दिसतो.

माळ्यावरचा व्हॉल्व्ह रेडिओ

ठाण्यात बनलेला आजोबांचा मर्फी चालू करावा असं अनेकांना वाटतं. इथे मात्र जुळवणी खरीच लागते. ईएल ८४ सारख्या व्हॉल्व्हला पाच हजार ओहमच्या आसपासचा भार हवा असतो आणि स्पीकर असतो चार-पाच ओहमचा. मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या वेढ्यांचं गुणोत्तर, म्हणजे ओहमच्या गुणोत्तराचं वर्गमूळ, पस्तिसाच्या आसपास येतं. ट्रान्झिस्टरला शॉर्ट मारतो, व्हॉल्व्हला उघडं टोक. स्पीकरची तार तुटलेली असताना रेडिओ जोरात लावला की ट्रान्सफॉर्मरमध्ये चढे व्होल्ट उसळतात आणि आतली बारीक तार जळते. म्हणून आधी स्पीकर तपासा, मगच वीज द्या, आणि कारागीर सिरीज बल्ब लावूनच पहिल्यांदा चालू करतो ना ते बघा. न करणाऱ्याकडे रेडिओ देऊ नका.

ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळायला हजार ते अडीच हजार रुपये, कपॅसिटर बदलायला साधारण तेवढेच. कोणी मोबाइल चार्जरएवढा तयार ट्रान्सफॉर्मर ‘चालतो’ म्हणून लावत असेल तर त्याला वेढ्यांचं गुणोत्तर विचारा. उत्तर देता आलं नाही तर रेडिओ परत घरी आणा, तो आणखी दहा वर्षं माळ्यावर थांबू शकतो.

हॅम रेडिओवाल्यांसाठी

ट्रान्समीटरच्या जगात ५० ओहमचा नियम कडक आहे, कारण तिथे केबलची लांबी लहरीच्या लांबीच्या तोडीची होते आणि न जुळलेली शक्ती परत फिरते. एसडब्ल्यूआर, म्हणजे या न जुळण्याचं माप, १.५ असेल तर ४ टक्के परत येते, २ ला ११, ३ ला २५. दीडपर्यंत काही करू नका. साधा अर्ध्या लहरीचा डायपोल मोकळ्या जागेत ७३ ओहमचा, म्हणजे मुळातच दीडच्या आत, ७.१ मेगाहर्ट्झसाठी सुमारे वीस मीटर तार आणि दोन इन्सुलेटर, हजार रुपयांत होतो. तो १.४ वरून १.१ वर आणायला पंधरा हजारांचा ट्यूनर घेणं ही हौस आहे, गरज नाही.

पैसे घाला ते केबलवर. १४५ मेगाहर्ट्झला वीस मीटर आरजी-५८ मधून शक्तीचा जेमतेम चाळीस टक्के भाग अँटेनापर्यंत जातो, आरजी-२१३ मधून सुमारे दोन तृतीयांश. पहिली मीटरला ४० ते ७० रुपये, दुसरी १३० ते २२०. आणखी एक: पातळ केबल परत येणारी शक्तीही वाटेतच गिळते, त्यामुळे खालच्या मीटरवर एसडब्ल्यूआर छान दिसतो आणि वर अँटेना तुटलेली असते. शक्य असेल तर एकदा अँटेनापाशी मोजा. त्यासाठीचा नॅनोव्हीएनए हा छोटा मापक साडेतीन ते सात हजारांत येतो, क्लबमध्ये चौघांत एक पुरतो.

बिघडल्यावर, आणि त्याआधी

आउटपुटचे ट्रान्झिस्टर उडाले तर शंभर-अडीचशे वॅटच्या पीए अ‍ॅम्प्लिफायरची दुरुस्ती बाराशे ते साडेतीन हजारांत व्हावी. ट्रान्सफॉर्मरही जळला असेल तर दीड ते तीन हजार वाढतात, आणि तेव्हा जुन्या यंत्राचा मोह सोडायचा का हा विचार करा. जुने भाग परत मागा. बाजारात नकली ट्रान्झिस्टर भरपूर आहेत, म्हणून दुरुस्तीच्या बिलावर भागाचा नंबर लिहून घ्या. आणि दुरुस्त यंत्र नेऊन त्याच वायरिंगवर लावण्याआधी लाइन मोजा. ज्या भाराने ते उडालं तो भार भिंतीवर अजून तसाच असतो, आणि ‘मेकॅनिकने नीट केलं नाही’ या भांडणाचं मूळ बहुधा तेच.

भाड्याने साउंड आणत असाल तर करारात एक ओळ घाला: साउंडवाल्याच्या परवानगीशिवाय कोणी वायर हलवणार नाही, आणि त्याच्या माणसाच्या हातून बिघडलं तर खर्च त्याचा. मंडळाचे उत्साही कार्यकर्ते आणखी दोन स्पीकर जोडतात आणि अनामत गेल्यावर वाद होतो.

नवीन बसवणुकीच्या कोटेशनमध्ये हे लिहून मागा: लाइन १०० व्होल्टची की ओहमची, प्रत्येक स्पीकरचं टॅपिंग, एकूण वॅट, वायरचा धातू आणि जाडी, आणि काम संपल्यावर मोजलेला लाइनचा इम्पीडन्स. चुकीच्या भारामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही असं बहुतेक कंपन्यांच्या कार्डावर असतं. पण बसवणूक विक्रेत्यानेच केली असेल तर भार चुकीचा लावल्याची जबाबदारी त्याची, आणि हे कागद तेव्हा कामाला येतात. विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूला मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. सोबत बिल, कोटेशन, वॉरंटी कार्ड आणि पट्टीवरच्या वायरिंगचा, अ‍ॅम्प्लिफायर उघडण्याआधी काढलेला फोटो जोडा.